मुलाला परदेशी फुटबॉल खेळायला पाठवण्याआधी

डिचोली तालुक्यातील एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा १७ वर्षांचा असून गोव्यातील एका क्लबच्या युवा संघात डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळतो. एका मध्यस्थाने पोर्तुगालमधील क्लबमध्ये ट्रायल, म्हणजे निवड चाचणी मिळवून देण्यासाठी ४ लाख रुपये मागितले आहेत. मुलाच्या आजोळकडून पोर्तुगीज नागरिकत्व मिळण्याची शक्यता आहे. तेव्हा बारावी अर्धवट सोडून त्याला जाऊ द्यावे का, आणि परदेशात व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून कारकीर्द करणे म्हणजे प्रत्यक्षात काय असते?

पहिल्या भागाचे उत्तर लगेच देतो: या अटींवर जाऊ देऊ नका. दुसऱ्या भागाला मात्र जागा लागेल. मी राष्ट्रीय लीगच्या काळात गोव्यातील क्लबांकडून नऊ हंगाम खेळलो, युरोपातील एका लहान देशात दुसऱ्या श्रेणीत दीड हंगाम काढला, आणि निवृत्तीनंतर प्रशिक्षणाबरोबरच आपल्याकडच्या मुलांचे करार वाचून देण्याचे काम करतो. त्या दीड हंगामातील बहुतेक सामने मी राखीव खेळाडूंच्या बाकावरून पाहिले, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातील बरेचसे त्या बाकावर बसूनच कळलेले आहे.

सर्वप्रथम वय. फिफाच्या खेळाडूंचा दर्जा व हस्तांतरण यांविषयीच्या नियमावलीतील १९ व्या कलमानुसार एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबमध्ये जाण्यासाठी खेळाडूला १८ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. अपवाद मोजके आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात स्थायिक झाले असतील, युरोपीय संघाच्या अंतर्गत १६ ते १८ या वयातील हस्तांतरण असेल, किंवा मुलगा सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत राहून पलीकडच्या क्लबमध्ये खेळणार असेल, असे प्रमुख अपवाद सांगता येतील. डिचोलीत राहणाऱ्या मुलाला यांपैकी कोणताही सरळ लागू होत नाही. पहिल्या अपवादाची पळवाट म्हणून वडिलांना तिकडच्या एखाद्या हॉटेलात कागदोपत्री नोकरी दाखवण्याचा सल्ला देणारे महाभाग मी पाहिले आहेत. असे अर्ज फिफा बारकाईने तपासते, आणि अल्पवयीन खेळाडूंविषयीचे नियम मोडल्याबद्दल २०१४ मध्ये खुद्द बार्सिलोना क्लबवर दोन हस्तांतरण-खिडक्यांपुरती (खिडकी म्हणजे नवे खेळाडू नोंदवण्याचा ठरावीक काळ) नवे खेळाडू घेण्याची बंदी आली होती. मग हा मध्यस्थ १७ वर्षांच्या मुलाला कोणत्या नोंदणीवर खेळवणार आहे? बहुधा कोणत्याच नाही. मुलगा पर्यटक व्हिसावर जाईल, सराव करील, दोन-तीन मैत्रीपूर्ण सामने खेळेल, घरी छायाचित्रे पाठवील आणि शेंगेन व्हिसाची १८० दिवसांतील ९० दिवसांची मर्यादा संपली की परत येईल. ४ लाखांत आपण विकत घेणार आहात ते एवढेच.

अठरा पूर्ण होईपर्यंतचा काळ कागदपत्रांसाठी वापरावा. आंतरराष्ट्रीय हस्तांतरण आता फिफाच्या ऑनलाइन यंत्रणेतून होते, भारतीय महासंघाकडून तिकडच्या महासंघाला आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र जाते, आणि ते गेल्याशिवाय खेळाडूला अधिकृत सामन्यात उतरता येत नाही. जन्मतारीख किंवा नाव दोन कागदांवर दोन प्रकारे असेल तर तिथे गाडी अडते, आणि खिडकी बंद होण्याच्या आदल्या संध्याकाळी दुरुस्ती करून द्यायला कोणी बसलेले नसते. गोव्यात ही अडचण जरा अधिकच आहे. आपल्याकडे एकाच घरात आजोबांचे आडनाव पोर्तुगीज वळणाने, वडिलांचे इंग्रजी वळणाने आणि मुलाचे शाळेतल्या बाईंनी ठरवलेल्या वळणाने लिहिलेले आढळते. जन्मदाखला, पासपोर्ट, शाळेचा दाखला आणि भारतीय महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीतील नोंद या चारही ठिकाणी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळते का, हे आजच पाहा. वयाच्या स्पर्धांत खेळता यावे म्हणून कोणी जन्मतारीख पुढेमागे केली असेल, तर ती गोष्ट या टप्प्यावर हमखास उघडी पडते.

त्याच नोंदणीचा आणखी एक उपयोग आहे. खेळाडूने १२ व्या वर्षापासून कोणत्या क्लबकडे प्रशिक्षण घेतले यावरून त्या क्लबांना नियमाने पैसे मिळतात. पहिला व्यावसायिक करार होतो तेव्हा प्रशिक्षण-भरपाई, आणि पुढे हस्तांतरणाची रक्कम ठरली तर त्या रकमेच्या ५ टक्क्यांतील वाटा. ही रक्कम मुलाच्या पगारातून जात नाही, परंतु बोलणी करताना परदेशी क्लब ती हिशेबात धरतो. फिफाच्या वर्गवारीत सर्वांत खालच्या, म्हणजे चौथ्या वर्गातील क्लबना प्रशिक्षण-भरपाई द्यावी लागत नाही. वरच्या वर्गातील क्लब मात्र भारतातून नवखा मुलगा घेताना हा खर्च मोजतोच. म्हणून गोव्यातील क्लबशी भांडून, ना हरकत पत्र न घेता जाण्याचा विचारही करू नये.

आता नागरिकत्व, कारण गोमंतकीय घरात हा प्रश्न फुटबॉलच्याही आधी येतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील पिढ्यांना, साधारणतः नातवंडांपर्यंत, पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. खेळाडूला त्याचा लाभ खरोखर मोठा आहे. युरोपीय संघातील कोणत्याही देशात काम करण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, आणि युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉसमन निकालानंतर युरोपीय संघातील देशांच्या खेळाडूंवर परदेशी म्हणून संख्येची मर्यादाही लावता येत नाही. दोन सारख्या दर्जाच्या मुलांपैकी एकासाठी परवान्याची धावाधाव करावी लागणार असेल आणि दुसऱ्यासाठी नसेल, तर लहान क्लबचा व्यवस्थापक कोणाला घेईल हे सांगायला नको.

परंतु या लाभाची किंमत पुरती समजून घ्या. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या ९ व्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) मिळाले तरी भारताच्या राष्ट्रीय संघाचे दार बंद होते, कारण आपल्या संघात केवळ भारतीय पासपोर्टधारकच खेळू शकतो. अराता इझुमी याने जपानी नागरिकत्व सोडले, त्यानंतरच २०१३ मध्ये त्याला भारताचा गणवेश मिळाला. राष्ट्रीय संघाचे स्वप्न एकदाचे बाजूला ठेवले, तरी आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. परदेशात जम बसला नाही आणि मुलगा २३ व्या वर्षी परत आला, तर भारतीय लीगमध्ये तो परदेशी खेळाडू म्हणून मोजला जातो. म्हणजे गोव्यातल्याच फातोर्ड्याच्या मैदानावर खेळण्यासाठी त्याची स्पर्धा स्पेन आणि ब्राझीलमधून आणलेल्या अनुभवी खेळाडूंशी होणार. भारतीय म्हणून सहज मिळाली असती ती जागा परदेशी म्हणून जवळजवळ अशक्य होते. नागरिकत्व परत मिळवता येते, परंतु त्याला लागणारी वर्षे फुटबॉलपटूच्या आयुष्यातली नेमकी उमेदीची वर्षे असतात. शिवाय इंग्लंडमध्ये स्विंडन किंवा साउथॉलला नातेवाईक असलेल्यांनी हेही लक्षात ठेवावे की ब्रेक्झिटनंतर पोर्तुगीज पासपोर्ट इंग्लंडमधील क्लबसाठी पूर्वीसारखा उपयोगी राहिलेला नाही. तिथे आता राष्ट्रीय संघाचे सामने, लीगचा दर्जा आणि खेळलेली मिनिटे यांवर गुण मोजून परवाना ठरतो.

माझे मत विचाराल तर हातात युरोपीय क्लबचा लेखी व्यावसायिक करार येईपर्यंत नागरिकत्वाचा निर्णय घेऊ नये. आजोबांची कागदपत्रे गोळा करून ठेवायला हरकत नाही. अर्ज मात्र घाईने करू नये.

मध्यस्थाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. २०२३ पासून फुटबॉल एजंटला फिफाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. अल्पवयीन खेळाडूच्या पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय एजंटला त्याच्याशी बोलणीही सुरू करता येत नाहीत. खरा एजंट खेळाडूच्या पगारातून टक्केवारी घेतो, म्हणजे मुलगा कमावू लागला तरच त्याला मिळते. आधीच रोख मागणाऱ्याला मुलाच्या खेळाशी काही देणेघेणे नसते, कारण त्याचा धंदा विमानात बसवतानाच पूर्ण झालेला असतो.

‘पोर्तुगालमधील क्लब’ या शब्दांनीही भुलू नये. तिथे प्राइमेरा लीगा, तिच्याखाली दुसरी लीग, २०२१ मध्ये सुरू झालेली लीगा ३, मग चौथ्या पातळीवरील कॅम्पिओनातो दे पोर्तुगाल आणि त्याखाली जिल्हावार स्पर्धा अशी उतरंड आहे. जिल्हा पातळीवरचे बहुतेक खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात. पाहुणा म्हणून सरावाला आलेल्या मुलाला ते क्लब नाही म्हणत नाहीत, आणि त्याला पगारही देत नाहीत. तेव्हा क्लब कोणत्या पातळीवर खेळतो आणि करार व्यावसायिक आहे की हौशी, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

माझ्या अनुभवातून मला जे सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते आता सांगतो. परदेशातील कारकीर्द क्लबच्या नावावर नव्हे, मैदानावर मिळालेल्या मिनिटांवर मोजावी. मोठ्या क्लबच्या फलकासमोर गणवेश धरून काढलेल्या छायाचित्राचा पुढच्या करारासाठी काडीचा उपयोग होत नाही. पुढचा क्लब विचारतो तो प्रश्न एकच असतो: गेल्या हंगामात किती सामने?

सुनील छेत्रीसारखा आघाडीपटू घ्या. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सबरोबर त्याचे ठरले होते, परंतु फिफा क्रमवारीत भारत पहिल्या ७० देशांत नसल्याने कामाचा परवाना मिळाला नाही. तो आपल्या गोव्यातील धेंपो क्लबकडे होता, तिथून २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला, पण लीगच्या एकाही सामन्यात उतरला नाही. २०१२ मध्ये स्पोर्टिंग लिस्बनने घेतले ते राखीव संघासाठी, आणि तिथेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सामने मिळाले. २०१३ मध्ये तो परत आला तो गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सकडे, आणि त्या हंगामात चर्चिलने आय-लीग ही तेव्हाची राष्ट्रीय लीग जिंकली. देशाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू परदेशात ज्या कारणाने अडला त्यात कौशल्याचा भाग कमी आणि मिळालेल्या मिनिटांचा जास्त होता, असे मला वाटते. संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबकडे गेला, दुखापत झाली, आणि एकही सामना न खेळता परतला. गोव्याच्या रोमिओ फर्नांडिसला २०१५ मध्ये ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको परानाएन्सेने लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना नेले. तो तिथल्या राज्य स्पर्धेत मैदानावर उतरला, आणि आपल्या आसोळणे गावच्या मुलाने ब्राझीलमध्ये व्यावसायिक सामना खेळला याचे कौतुक मला आजही आहे, पण तो मुक्काम त्याच वर्षी संपला.

याच्या उलट बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी या लहान क्लबमध्ये गेला. नाव मोठे नव्हते. परवान्याच्या अडचणी आणि गुडघ्याचे दुखणे सांभाळूनही २००२ पर्यंत तीसहून अधिक लीग सामने त्याच्या नावावर लागले. गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबमध्ये गेला. लीगमधील पदार्पणासाठी त्याला २०१६ उजाडावे लागले, परंतु त्याच वर्षी तो युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळणारा पहिला भारतीय ठरला. गोलरक्षकाची जागा एकच असते, त्यामुळे इतका धीर त्यालाच शोभला. डाव्या बॅकने दोन वर्षे बाकावर काढणे परवडणारे नाही. मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती मनीषा कल्याणची निवड. २०२२ मध्ये ती सायप्रसच्या अपोलॉन लेडीज क्लबमध्ये गेली. लीग लहान, पण क्लब त्या लीगमध्ये आघाडीवर असल्याने महिलांच्या चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी खेळायला मिळाली, आणि ती त्या स्पर्धेत खेळणारी पहिली भारतीय झाली. कोणत्या देशात जावे असे मला कोणी विचारले की मी या मुलीचे उदाहरण देतो.

परदेशी खेळाडू स्थानिकाच्या बरोबरीचा असून भागत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे. क्लबला त्याच दर्जाचा मुलगा गावातच मिळतो, तो भाषा जाणतो, घरी जेवतो आणि त्याला परवाना लागत नाही. आपला मुलगा त्याच्यापेक्षा उघडपणे सरस दिसला तरच संघात राहील, आणि हे दर आठवड्याला सिद्ध करावे लागते. ट्रायलच्या तीन-चार दिवसांत प्रशिक्षक काय पाहतो? चेंडूवरची नजाकत आपल्या मुलांकडे असते. गावच्या मैदानावर, तांबड्या मातीत, उसळणाऱ्या चेंडूशी खेळून ती आपोआप येते. परंतु त्याच मैदानाने चेंडू आधी थांबवायचा, मग मान वर करायची ही सवयही लावलेली असते. तिकडच्या ओल्या, गुळगुळीत गवतावर चेंडू दुप्पट वेगाने येतो, आणि तो येण्याआधीच पुढचा पास ठरलेला नसेल तर समोरचा खेळाडू अंगावर आलेला असतो. पहिल्या सरावात माझ्या पायातून चेंडू किती वेळा गेला ते मी मोजणे सोडून दिले होते. डाव्या बॅकसाठी तर चेंडू घेताना अंगाचा रोख मैदानाच्या आतल्या बाजूला असणे आणि दूरच्या पायाने चेंडू घेणे, एवढे दोनच गुण पाहून प्रशिक्षक निम्मा निर्णय घेतो. हे गोव्यात राहून शिकता येते, आणि त्यासाठी ४ लाख लागत नाहीत.

कराराकडे वळतो. पहिला प्रश्न, लिहिलेला पगार करापूर्वीचा की कर वजा जाऊन हाती येणारा? तोंडी बोलणी बहुधा हाती येणाऱ्या रकमेची होतात आणि कागदावर करापूर्वीची लिहिली जाते. घर, वर्षातून एक परतीचे तिकीट, शस्त्रक्रियेचा खर्च आणि दुखापतीच्या काळातील पगार हे सारे कागदावर हवे. वैद्यकीय तपासणी किंवा कामाचा परवाना मिळाला तरच करार लागू, अशी अट फिफाचे नियम मान्य करत नाहीत, तरी ती अजूनही घातलेली दिसते. १८ वर्षांखालील खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा अधिक आणि इतरांचा सामान्यतः पाच वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही. आणखी एक कलम आपल्या मुलांना नेहमी नडते: क्लबच्या परवानगीशिवाय इतरत्र खेळण्यास बंदी. सुट्टीवर आलेला मुलगा वाड्यावरच्या स्पर्धेत ‘फक्त एक सामना’ म्हणून उतरतो, घोटा मुरगळतो, आणि क्लबला पगार थांबवण्याचे कारण आयतेच मिळते.

पगार थकणे ही खालच्या श्रेणीतील नेहमीची गोष्ट आहे. माझ्या दुसऱ्या हंगामात तिसऱ्या महिन्यापासून पैसे येणे थांबले. कार्यालयातील गृहस्थ दर शुक्रवारी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत, आणि मीही त्यांच्या चांगुलपणावर विसंबून एक ओळ लिहून दिली नाही. शेवटी कंटाळून सामान बांधले आणि घरी आलो. क्लबने उलट मीच करार मोडल्याचे कळवले, आणि लेखी काहीच नसल्याने माझी बाजू लंगडी पडली. ते पैसे बुडाले ते बुडालेच. २०१८ पासून नियम स्पष्ट आहे: दोन महिन्यांचा पगार थकला, खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत दिली, आणि तरीही पैसे आले नाहीत, तर योग्य कारणाने करार संपवता येतो. त्यानंतर दोन वर्षांच्या आत फिफाच्या न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो आणि खेळाडूला त्यासाठी शुल्क लागत नाही. भारतातील खेळाडूंची संघटनाही अशा वेळी मदत करते. परंतु हे सारे त्या एका नोटिशीवर अवलंबून असते, म्हणून पहिल्या महिन्यापासून बँकेचे उतारे आणि क्लबचे संदेश जपून ठेवावेत.

राहणीमानाविषयी पालक सर्वांत जास्त काळजी करतात आणि खरे तर तीच गोष्ट सर्वांत लवकर सुटते. भात आणि मासळी पोर्तुगालमध्ये मुबलक मिळते, थंडीची सवय एका हिवाळ्यात होते. भाषा मात्र आधी शिकवा. मैदानावर ‘मागे माणूस आहे’ हे ओरडून सांगता न येणारा बचावपटू निम्माच उपयोगाचा असतो, आणि गोव्यात पोर्तुगीज शिकण्याची सोय इतर कोणत्याही राज्यापेक्षा चांगली आहे.

राहिली बारावी. ती पूर्ण करू द्या. १८ वर्षे होईपर्यंत नोंदणीच होणार नसल्याने परीक्षा सोडून हाती काही लागत नाही, आणि पुढे मोठी दुखापत झाली तर तेच प्रमाणपत्र उपयोगी पडते. २०२५ मध्ये भारतीय लीगच्या वेळापत्रकावर आलेल्या सावटामुळे घरोघरी घाई सुरू झाली आहे, हे मला समजते. तरीही मुलाला प्रथम इथल्या विकास लीगमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या लीगमध्ये नियमित खेळू द्या. त्या स्पर्धेचा पहिला हंगाम २०२२ मध्ये गोव्यातच झाला आणि त्यातील पहिले दोन संघ इंग्लंडमध्ये खेळून आले, तेही कोणाच्या वडिलांनी पैसे न भरता. दरम्यान त्याच्या तीन पूर्ण सामन्यांचे चित्रीकरण करून ठेवा, प्रत्येकी ९० मिनिटांचे, गोलांच्या तुकड्यांचे नव्हे, आणि शक्य असल्यास त्यांतील एक सामना पावसात भिजलेल्या मैदानावरचा असू द्या. मध्यस्थ पुन्हा आला तर त्याच्याकडे फिफाच्या परवान्याचा क्रमांक आणि क्लबच्या पत्रावरील, पातळी व तारखा लिहिलेले निमंत्रण मागा. ते दोन्ही कागद मिळाले तर मला जरूर दाखवा. मी वाचून देईन.